एमजीबी रोडस्टर १९६६, पुणे: खरेदीपासून पावसाळ्यापर्यंतच्या कामाच्या नोंदी

२ नोव्हेंबर: घेण्याआधीची पाहणी

गाडी उजव्या स्टिअरिंगची. तारेची चाकं, ओव्हरड्राइव्ह (वरच्या गिअरला इंजिन हळू फिरवणारी जोडणी), कापडी हूड. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनला बनली. १९६६ची म्हणजे पाच मेन बेअरिंगचं १७९८ सीसी इंजिन, दोन एसयू एचएस४ कार्ब्युरेटर, डायनॅमो आणि पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं.

विकणारा नेहमी आधी बॉनेट उघडतो. एमजीबी घेताना बॉनेट शेवटी बघायचं. हिला वेगळी चॅसी नाही, पत्र्याची पेटी हीच चॅसी. वर छप्पर नसल्यामुळे गाडी सरळ धरून ठेवायचं काम दोन्ही दारांखालच्या लांब पोकळ पेट्या, म्हणजे सिल करतात. इंजिन कुठेही बांधून मिळतं, पण सडलेली सिल म्हणजे सहा महिन्यांचं काम.

तपासायच्या जागा याच क्रमाने: सिलचा खालचा काठ, त्याखालची किल्ल्याच्या तटासारखी दातेरी कॅसल रेल, दारामागे आणि मागच्या चाकापुढे येणारा मडगार्डचा खालचा तुकडा, सीटमागच्या बॅटरीच्या पेट्या, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे पुढचे हँगर. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवला. डाव्या सिलवर वीतभर पट्ट्यात तो धरतच नाही, म्हणजे आत सगळी लांबी (पुट्टी) भरलेली. शिवाय बाहेरची सिल पुढच्या मडगार्डच्या मागे संपते. मूळ सिल मडगार्डच्या आतून पुढपर्यंत जाते. कुणीतरी सडक्या पत्र्यावर नवा पत्रा झाकून दिला आहे.

दाराची चाचणी: दार बंद ठेवून गाडी बाजूच्या जॅकच्या जागेवर उचलायची आणि दाराच्या मागची फट वरच्या टोकाला बघायची. उजवीकडे फट हलली नाही. डावीकडे ती मिटत आली आणि दार उघडताना घासलं. किंमत ठरवताना दोन्ही बाजू धरायच्या, कारण डावी सडली असेल तर उजवी तिच्या मागेच असते.

इंजिन गरम झाल्यावर ऑइलचं प्रेशर चालताना ५० ते ८० पौंड, आयडलला १० ते २५ असायला हवं. इथे अनुक्रमे ५५ आणि १५. पुरेसं आहे. गिअरबॉक्स पहिल्या गिअरला किंचित रडतो, पण त्याला पहिल्याला सिंक्रोच (गिअर न खरखरता पडावा म्हणून वेग जुळवणारी कडी) नाही. पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, एवढंच.

५ नोव्हेंबर: कागद

चॅसी क्रमांकाची सुरुवात जीएचएन३. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला पुढे एल लागतो, इथे नाही. इंजिनची पट्टी ब्लॉकच्या उजव्या बाजूला रिव्हेट केलेली असते. त्यावर १८जीबी-आरयू-एच: आर म्हणजे ओव्हरड्राइव्ह, एच म्हणजे हाय कॉम्प्रेशन. आरसी बुकातले दोन्ही क्रमांक प्रत्यक्ष पट्ट्यांशी अक्षर न् अक्षर जुळवले. जुन्या बुकात हस्ताक्षरामुळे ८चा ३ झालेला असतो आणि तो ऑनलाइन नोंदीतही तसाच उतरतो. हस्तांतरणाआधी दुरुस्त करून घेणं सोपं, नंतर फार त्रासाचं. फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ची एनओसी आधी.

१५ जुलै २०२१च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्या नंबरात व्हीए अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. आणि अट अशी की चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा.

या शेवटच्या अटीवर पुढची सगळी यादी बेतली. जे नट-बोल्टवर बसतं आणि नट-बोल्टवर निघतं, तेवढंच सुधारायचं. पाच गिअरचा जपानी बॉक्स बसवण्यासाठी टनेल (गिअरबॉक्सवरचा फुगीर पत्रा) कापणं, दुसरं इंजिन टाकणं, मडगार्ड रुंद करणं, यातलं काहीही नाही. सिलचा पत्रा मूळ आकारातच बदलायचा आणि आधीचे-नंतरचे फोटो मोजपट्टी लावून ठेवायचे.

१२ नोव्हेंबर: पाने आणि पार्ट

गाडीवर सगळे आटे इंची, बहुतेक यूएनएफ (बारीक आट्यांचं इंची माप). ७/१६, १/२, ९/१६, ५/८, ३/४ हे पाने आणि सॉकेट हवेत. १३ मिमीचा पाना १/२ इंचावर जातो खरा, पण घट्ट नटाची तोंडं गोल करतो. चांगले जुने इंची पाने जुन्या बाजारात अजून मिळतात. घेताना जबडा पसरलेला नाही ना, ते बघायचं.

पत्र्याचे पार्ट इंग्लंडहून मागवायचे. ब्रिटिश मोटर हेरिटेज मूळ साच्यांवरचे पत्रे देते, आणि सिलच्या बाबतीत त्यात काटकसर करू नये. स्वस्त सिलची वळणं चुकलेली असतात आणि दाराची रेघ त्यावरच बसते.

इंजिनाचं मात्र आपल्याकडे एक सोयीचं नातं आहे. अँबेसेडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन याच बीएमसी बी-सीरिज घराण्यातलं. म्हणून नाना पेठेत अजून अँबेसेडरचा माल ठेवणाऱ्या दुकानातून रॉकर कव्हरचं गॅस्केट चालतं. हेड गॅस्केट चालत नाही: अँबेसेडरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिमी, याचा ८०.२६. बेअरिंग तर विचारायचीच नाहीत, तिकडे मेन तीन आणि इकडे पाच. दुकानदार ‘एकच इंजिन आहे’ म्हणेल, जुना पार्ट हातात घेऊनच जायचं.

२३ नोव्हेंबर: डावी सिल

इथे घाई केली की गाडी कायमची वाकडी होते, म्हणून क्रम सविस्तर.

इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीतच ठेवले. वजन नेहमीच्या जागी असलेलं बरं. गाडी चार स्टँडवर, पुढे क्रॉसमेंबरखाली आणि मागे पाट्यांच्या हँगरजवळ, लेव्हल बघून. दार बसवलेलं ठेवून फटी मोजून लिहिल्या, मग दार काढलं. बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत २५ बाय २५ बाय ३ मिमीचा अँगल, वर एक आणि तिरका एक. हे झाल्याशिवाय ग्राइंडर हातात घ्यायचा नाही. दोन्ही बाजू एकदम उघडायच्या नाहीत. एक पूर्ण शिवून झाली की दुसरी.

पुढचं मडगार्ड बोल्टवर आहे, ते निघालं. झाकणाचा पत्रा कापल्यावर आत मूळ सिल, तिच्या मागचा उभा पडदा आणि कॅसल रेल, तिन्ही ओलसर चुऱ्यासारखे. नवं बसवताना आतून बाहेर यायचं: आधी आतली सिल आणि कॅसल रेल, मग पडदा, सगळ्यात शेवटी बाहेरची सिल. पडदा गाळून थेट बाहेरची सिल लावायचा सल्ला बरेच डेंटर देतात. ताकद त्या पडद्यातच आहे. तो नसेल तर सिल ही नुसती पोकळ नळी उरते.

वेल्डिंग सीओटूचं, ०.८ मिमी तार. गॅस वेल्डिंगने उष्णता पसरून पत्रा ताणतो. मूळ स्पॉटच्या जागी ६ मिमीची भोकं पाडून प्लग वेल्ड, २५ ते ३० मिमी अंतरावर, एकदा पुढे, एकदा मागे, एकदा मध्ये. सलग ओढायचं नाही. जोडाच्या दोन्ही तोंडांना आधी झिंकचा वेल्डेबल प्रायमर. बाहेरची सिल फक्त क्लॅम्पवर धरून दार पुन्हा चढवलं, फटी मूळ आकड्यांशी जुळवल्या, मगच टाके घातले.

१४ डिसेंबर: उजवी सिल, बॅटरीच्या पेट्या

उजव्या बाजूचा पडदा शाबूत, खालचे १०० मिमी बदलून भागलं. बॅटरीच्या दोन्ही पेट्या अ‍ॅसिडने खाल्लेल्या. मूळ मांडणीत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, दोन पेट्यांत. दोन्ही पेट्या नव्या लावल्या, बॅटरी मात्र आता १२ व्होल्टची एकच. ती बसते की नाही हे टर्मिनलच्या उंचीवर ठरतं. वरचं झाकण पत्र्याचं आहे आणि सीटमागे कुणी सामान टाकलं की दबतं. झाकणाला आतून रबरी चटई चिकटवली.

सिलच्या खालची पाणी जायची भोकं वेल्डिंगमध्ये बुजतात. ती पुन्हा मोकळी केली.

३ जानेवारी: ब्रेक

पुढे १०.७५ इंची डिस्क, मागे १० इंची ड्रम, आणि सगळ्याला मिळून एकच सर्किट. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. म्हणून इथे सुधारणा म्हणजे बूस्टर लावणं नव्हे, सगळे पाइप आणि तिन्ही होज नवे करणं, आणि हँडब्रेक खरोखर धरेल असा करणं. उताराला दुसरा आधार तोच.

पाइप ३/१६ इंची, तांबे-निकेलचे. पुण्यात पाइप आणि फ्लेअर (पाइपचं पसरट केलेलं तोंड) करून देणारे आहेत, पण त्यांच्याकडचे नट एम१० बाय १चे आणि गाडीवरचे ३/८ बाय २४. इंची नट एम१०च्या भोकात सैल जातो, दोन आटे धरल्यासारखा वाटतो आणि जोरात पाय दिल्यावर सुटतो. फ्लेअरचा आकारही वेगळा. जुने पितळी नट साफ करून तेच वापरले.

ऑइल डॉट ४. ते हवेतलं पाणी ओढतं. पुण्याचा पावसाळा बघता दरवर्षी बदलायचं, गाडी चालो न चालो.

११ जानेवारी: पेट्रोलची लाइन

पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. गाडी बनली तेव्हाचं रबर त्यात मऊ पडतं, सुटं होतं आणि कणाकणांनी फ्लोटच्या सुईखाली जाऊन बसतं. मग कार्ब्युरेटर ओसंडतो, आणि या इंजिनात कार्ब्युरेटर बरोबर एक्झॉस्टच्या वर आहेत. आग लागण्याचा सर्वांत सरळ मार्ग हाच. म्हणून ही सुधारणा ऐच्छिक नाही.

सगळे होज एसएई जे३० आर९ खुणेचे. नुसतं ‘पेट्रोल पाइप’ म्हणून मिळणारा काळा पाइप घ्यायचा नाही, खूण छापलेली हवी. फ्लोटच्या सुया व्हायटॉन (इथेनॉलला टिकणारं रबर) टोकाच्या. टाकी ५४ लिटरची, डिकीच्या तळाला बोल्टने लटकलेली. ती खालून कधी सडत नाही, वरून सडते, कारण टाकी आणि तळ यांच्यामधल्या पट्टीत चिखल साचून राहतो. काढल्याशिवाय कळत नाही. इथे वरच्या बाजूला सुईएवढी तीन भोकं. बदलली.

ई२०ला जळायला हवा कमी लागते, म्हणून तीच जेट ठेवली तर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. एसयू कार्ब्युरेटरला सुरुवात पुलापासून (जेटभोवतीची सपाट कड) जेट दोन फेरे, म्हणजे नटाच्या बारा बाजू खाली. इथे चौदावर स्थिरावलं. पण नट फिरवून आयडलला जास्त फरक पडतो, पूर्ण थ्रॉटलला कमी. म्हणून जेटमध्ये जाणाऱ्या सुयाही एक पायरी जाड मिश्रणाच्या घातल्या. तपासणी: पिस्टन पिनने जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण जाड, इंजिन बसलं तर पातळ, किंचित वाढून पूर्ववत झालं तर बरोबर. हे करण्याआधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), पॉइंट (ठिणगी पाडणारे संपर्क) आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) झालेलं असायला हवं. उलट क्रमाने केलेलं ट्यूनिंग टिकत नाही.

२५ जानेवारी: हेड

भारतात शिसं असलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं. या हेडमधल्या एक्झॉस्ट सीट (व्हॉल्व्ह टेकतात त्या कडा) साध्या ओतीव लोखंडाच्या, शिसं नसेल तर हायवेवर हळूहळू खचतात. ओळखायची खूण अशी की टॅपेट वारंवार आवळले जातात, आवाज न करता. भोसरीच्या मशीन शॉपमध्ये चारही एक्झॉस्टला कडक सीट बसवून घेतल्या. त्याआधी हेडला तडा आहे का, ते प्रेशर लावून तपासायचं. आधी सीटचा खर्च आणि मग तडा सापडला, असं होऊ द्यायचं नाही.

हेडचे नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत ५० फूट-पौंड. टॅपेट १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३८ मिमी. नऊचा हिशेब: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला सेट करायचा, सहावा असताना तिसरा. बेरीज नेहमी नऊ. प्लगचा गॅप २५ थाऊ, पॉइंट १५, स्टॅटिक टायमिंग १० अंश आधी, फायरिंग १-३-४-२.

ऑइल २०डब्ल्यू-५० मिनरल, साडेचार लिटरच्या आत. गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हलाही तेच इंजिन ऑइल. इथे सवयीने ईपी ९० गिअर ऑइल ओतलं जातं आणि मग ओव्हरड्राइव्ह धरत नाही म्हणून तो बिचारा उघडला जातो. ९० नंबर फक्त मागच्या अ‍ॅक्सलला.

८ फेब्रुवारी: वीज

डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तेही वेगात. हॅलोजन हेडलाइट ९, इग्निशन साडेतीन, पंप दीड, वायपर ३, टेल आणि पॅनेल ३, रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा ८ ते १०. बेरीज जमत नाही. म्हणून पंख्याआधी अल्टरनेटर, आणि अल्टरनेटरआधी निगेटिव्ह अर्थ.

अर्थ उलटवताना बॅटरीच्या वायर आणि कॉइलच्या दोन वायर बदलायच्या. विसरलं जातं ते टॅकोमीटर. या सालचा इलेक्ट्रिक आहे आणि आतून जोडणी उलटवल्याशिवाय चालत नाही. पॉइंटवाला जुना एसयू पंप दोन्हीकडे चालतो. त्यात डायोड किंवा इलेक्ट्रॉनिक सर्किट असेल तर जळतो. डायनॅमो आणि त्याचा ब्रॅकेट पिशवीत नाव घालून जपून ठेवला.

मूळ गाडीत फ्यूज फक्त दोन आणि हेडलाइटला एकही नाही. सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून. दोन रिले आणि चार फ्यूजची छोटी पेटी लावली, जुना हार्नेस (वायरिंगची जुडी) न कापता. हेडलाइट ७ इंची, जीप-बुलेटच्या मापाचा एच४ रिफ्लेक्टर सरळ बसतो.

१ मार्च: कूलिंग

तांब्या-पितळेच्या रेडिएटरला नवा कोर. अ‍ॅल्युमिनियमचा घेण्याचं कारण दिसलं नाही, हा पुण्यात कुणीही दुरुस्त करतो. उष्ण प्रदेशासाठी ७४ अंशाचा थर्मोस्टॅट मिळतो, तो घातला. थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा सल्ला ऐकायचा नाही: इंजिन सकाळी फार वेळ थंड राहतं. ब्लॉकच्या मागच्या टोकाचा ड्रेन टॅप काढून तारेने गाळ उपसला. चौथ्या सिलिंडरभोवती साठ वर्षांचा गाळ असतो, आणि नुसता रेडिएटर बदलून गाडी गरम होते ती त्यामुळे.

१५ मार्च: चाकं

तारेच्या चाकांना ट्यूब लागतेच. १६५/८० आर१४ हे माप स्विफ्टमुळे कुठेही मिळतं. ट्यूबलेस टायरच्या आतली लेबलं खरवडून, टाल्कम लावून ट्यूब घातली. लेबलाच्या कडा ट्यूब कापतात. हवा पुढे २४, मागे २६.

स्प्लाइनची (चाक हबवर धरणाऱ्या दातांची) चाचणी: चाक उचलून, कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून, चाक पुढे-मागे हलवायचं. ‘टक’ आवाज आला तर स्प्लाइन झिजल्या. मागचं डावं झिजलेलं निघालं, हब आणि चाक दोन्ही बदलले. एकच बदलला तर जुना नव्याला खातो. मधला स्पिनर (चाक धरणारा मोठा नट) चाक पुढे फिरतं त्या दिशेने उघडतो. तो उलट दिशेने उघडत असेल तर हब डावे-उजवे बदलले गेलेत, ती गाडी तशीच चालवू नये.

५ एप्रिल: दिवे घाट

फुरसुंगीमार्गे सासवड, दुपारी. घाटात तापमान ८५च्या आसपास थांबलं, पंखा वर दोनदा लागला. ओव्हरड्राइव्ह तिसऱ्या आणि चौथ्याला स्वच्छ धरतो. सासवडला पंधरा मिनिटं उभी करून पुन्हा स्टार्ट केल्यावर मात्र मिनिटभर अडखळली. पंप मागे असून ढकलतो, त्यामुळे लाइनमध्ये वाफ अडकत नाही. उकळतं ते फ्लोटच्या भांड्यातलं पेट्रोल, बंद गाडीत एक्झॉस्टची धग वर चढल्यामुळे. उपाय: कार्ब्युरेटरखालच्या पत्र्याच्या ढालीला नवा इन्सुलेशनचा थर आणि बेकेलाइटचे स्पेसर तडा नसलेले. दोन्ही केले.

किंगपिनना (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या पिना) ग्रीस, बाजूला तीन-तीन निपल, चाक हवेत असताना. चाकावर भार असेल तर ग्रीस खालच्या बाजूला पोचत नाही.

३ मे: पावसाळ्याआधी

हूड ओला असताना दुमडायचा नाही, बुरशी धरते आणि मागची प्लास्टिकची काच पिवळी पडते. विंडस्क्रीनपुढच्या जाळीखालची पाणी जायची नळी पानांनी बुजते, मग पाणी पायाशी येतं. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर ती दर आठवड्याला बघायची. सिलमध्ये कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत गंज रोखणारं मेण), लांब नळीने, दोन्ही टोकांकडून, भोकांतून थेंब गळेपर्यंत. रंगानंतरच.

पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी गच्च भरून ठेवायची. अर्धी टाकी दमट हवा ओढते, पाणी पुरेसं झालं की इथेनॉल पेट्रोलपासून सुटून पाण्यासकट तळाला बसतं, आणि पंप नेमका तळातूनच घेतो.

बाकी: सीटबेल्टचे ७/१६ यूएनएफचे मूळ पॉइंट मिळाले, बेल्ट यायचे आहेत. मागच्या अ‍ॅक्सलचा पिनिअन सील पाझरतो आहे. उजव्या दाराची काच वर जाताना अडकते.